शरदातले कुलू खोरे : सोलापूरहून पहिल्यांदाच निसर्ग पाहायला जाणाऱ्यांसाठी

सोलापुरातून कुलू-मनालीला दरवर्षी कितीतरी कुटुंबे जातात, पण बहुतेक जण मे महिन्याच्या सुट्टीत उन्हापासून सुटका म्हणून जातात, नाहीतर बर्फासाठी डिसेंबर-जानेवारीत. आम्हीही पहिल्यांदा मे महिन्यातच गेलो होतो. चार दिवसांत टॅक्सीने एकामागून एक ठिकाणे पाहिली, प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे काढली आणि परतल्यावर माझ्या लक्षात आले, की एवढ्या हिरव्या डोंगरांत जाऊन मी एकही पक्षी मिनिटभर स्थिर नजरेने पाहिला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा गेलो ते ऑक्टोबरात, आणि तेव्हा नऊ दिवसांत फक्त दोन ठिकाणी राहिलो. त्या खोऱ्याची खरी ओळख तेव्हा झाली.

या लेखातील सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. शरद हा त्या खोऱ्यात वरून खाली उतरण्याचा ऋतू आहे. उंचावरची कुरणे गारठू लागली, की पक्षी खालच्या जंगलात येतात, मेंढपाळ कळप घेऊन उतरतात, अस्वले बागांच्या कडेपर्यंत येतात आणि दसऱ्याला गावोगावच्या देवतासुद्धा पालख्यांतून कुलूला येतात. उन्हाळ्यात जे पाहण्यासाठी आपल्याला उंच चढावे लागते, त्यातले बरेचसे या दिवसांत आपल्याकडे येते. म्हणून धावपळ कमी करून एका जागी थांबणे, हाच इथला सर्वांत उपयोगी नियम आहे.

१. काळ ठरवणे

हिमाचलातून मॉन्सून साधारण सप्टेंबरच्या अखेरीस माघार घेतो. त्यानंतर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा स्वच्छ, आकाश निळे आणि पाऊस कमी असा काळ मिळतो. माझ्या मते ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. तेव्हा अक्रोड, पॉप्लर आणि तिथले लोक ज्याला खनोर म्हणतात ते हॉर्स चेस्टनट, हे सगळे वृक्ष पिवळे होऊ लागतात, घरांच्या पाटीच्या दगडांच्या छपरांवर मक्याची कणसे वाळत घातलेली दिसतात आणि उतारांवर राजगिऱ्याची शेते गडद लाल झालेली असतात. सफरचंदांची तोडणी मात्र तोवर बहुतेक ठिकाणी उरकत आलेली असते. झाडावर लगडलेली सफरचंदे पाहायची असतील, तर सप्टेंबरच धरावा लागतो.

दोन गोष्टी तारखा पक्क्या करण्याआधी पाहाव्यात. पहिली म्हणजे कुलूचा दसरा. आपल्याकडे सोने लुटून दसरा संपतो त्या दिवशी, म्हणजे विजयादशमीला, कुलूच्या ढालपूर मैदानावर उत्सव सुरू होतो आणि तो सात दिवस चालतो. रघुनाथजींचा रथ ओढला जातो आणि आसपासच्या डोंगरांतील गावांच्या देवता वाजतगाजत पालख्यांतून येतात. हा सोहळा पाहण्याजोगा आहे, पण त्या आठवड्यात कुलू शहरात खोल्या मिळणे अवघड होते आणि रस्ते तुंबतात. तो पाहायचा असेल, तर एक पूर्ण दिवस त्यासाठी ठेवून मुक्काम शहराबाहेर करावा. दुसरी गोष्ट दिवाळीची. शाळांच्या सुट्टीमुळे आपण नेमके दिवाळीनंतर निघतो आणि देशभरातले पर्यटकही तेव्हाच निघतात. जमत असेल, तर दिवाळीच्या आधीचा आठवडा निवडावा.

२. प्रवास आणि कागदपत्रे

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रवासासाठी ऑगस्टमध्येच जागे राहावे लागते. दिल्लीच्या कश्मीरी गेट बसस्थानकातून हिमाचल परिवहनाच्या रात्रीच्या बसगाड्या कुलू-मनालीला जातात. आपल्याकडे जशी एसटी, तशी ती तिथली भरवशाची सेवा आहे. विमानाने जाणाऱ्यांसाठी कुलूजवळ भुंतरला विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणे हवामानावर अवलंबून असतात. परतीच्या प्रवासाला एक दिवस मोकळा ठेवल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

तीर्थन खोऱ्यात, म्हणजे पुढे सुचवलेल्या दोन मुक्कामांपैकी एका ठिकाणी, जायचे असेल, तर मनालीपर्यंत जाऊन परत येण्याची गरज नाही. मनालीच्या वाटेवर औट नावाचे गाव लागते, तिथला बोगदा सुरू होण्याआधी उतरावे, म्हणजे बंजारमार्गे गुशैनीला जाणारी स्थानिक बस किंवा टॅक्सी मिळते. बस पहाटे तिथे पोहोचते आणि प्रवासी झोपलेले असतात, म्हणून वाहकाला रात्रीच सांगून ठेवावे. आम्ही सांगितले नव्हते, त्यामुळे बोगदा ओलांडून पुढे गेल्यावर जाग आली आणि पहाटेच्या थंडीत सामान घेऊन परतीच्या वाहनाची वाट पाहावी लागली.

सोबत ठेवण्याची कागदपत्रे आणि परवाने पुढीलप्रमाणे आहेत :

– प्रत्येकाचे आधार कार्ड किंवा तत्सम ओळखपत्र, मूळ प्रत आणि दोन छायाप्रती. मुक्कामाच्या ठिकाणी आणि परवान्यासाठी दोन्हीकडे ती लागतात.
– ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत जायचे असल्यास वनविभागाचा परवाना.
– टॅक्सीने रोहतांग खिंडीत जायचे असल्यास त्या वाहनाचा परवाना. हे काम बहुधा टॅक्सीवालाच करतो, पण भाडे ठरवताना त्याची रक्कम धरली आहे का, ते विचारावे. फक्त अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला जायचे असेल, तर रोहतांगचा परवाना लागत नाही.
– रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुरेशी औषधे. गुशैनीसारख्या गावात आपल्याला हवे तेच औषध मिळेल, असे गृहीत धरू नये.

३. निघण्याआधी नान्नज आणि हिप्परगा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दुर्बीण नवीन घेऊन थेट हिमालयात गेलेला माणूस पहिले तीन दिवस केवळ ती डोळ्याला लावण्यात घालवतो. फांदीवरचा पक्षी उघड्या डोळ्यांनी दिसतो, पण दुर्बिणीत सापडेपर्यंत तो उडून जातो. याचा सराव घरीच व्हायला हवा आणि सोलापूरसारखी जागा त्यासाठी शोधून मिळणार नाही.

सप्टेंबरमधील दोन-तीन रविवार पहाटे नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जावे. माळढोक दिसण्याची आशा आता धरता येत नाही, हे दुःख आहेच. पण काळवीट आहेत, चंडोल आहेत आणि महिनाअखेरीपासून मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जाताना दिसू लागतात. मोकळ्या माळावर उडत्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरवता आली, की जंगलातले काम निम्मे सोपे होते. एखादी सकाळ एकरुख तलावावर, म्हणजे आपल्या हिप्परग्याला द्यावी आणि पाण्याच्या कडेला एकाच जागी तासभर न बोलता बसून पाहावे. हे बसणेसुद्धा शिकावे लागते. लहान मुले बरोबर असतील, तर त्यांना आधी इथे सवय लागलेली बरी.

दुर्बीण 8×42 मापाची घ्यावी. यातील 8 हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि 42 हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. जास्त मोठे दिसेल म्हणून नवखे लोक 12 किंवा 20 पटीची दुर्बीण घेतात. हातात धरल्यावर ती इतकी थरथरते, की काहीच नीट दिसत नाही. हा खर्चिक सापळा आहे, तो टाळावा.

४. सामान

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, तर मनाली सुमारे 2,000 मीटरवर. ऑक्टोबरात तिथे दुपारी उन्हात सदरा पुरतो आणि पहाटे हात बधिर होतात. त्यामुळे एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन-चार पातळ कपडे आणि वर वारा अडवणारे जाकीट न्यावे. कपड्यांचे रंग मातकट किंवा हिरवे असावेत. घरचे जुने स्वेटर पुरले नाहीत, तर लोकरी मोजे आणि टोपी कुलूत घ्याव्यात, तिथे त्या चांगल्या मिळतात. आगगाडीत आणि बसमध्ये सोलापुरी चादरीइतके उपयोगी काहीही नाही. बुटांचे तळ खाचांचे हवेत, कारण गळून पडलेल्या देवदाराच्या सुया आणि दव यांवरून गुळगुळीत तळाचे बूट घसरतात.

थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री तो आणि पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोपावे. मर्लिन हे अॅप पक्ष्याच्या आवाजावरून त्याचे नाव सुचवते. त्यातील भारतासाठीचा संच घरूनच उतरवून घ्यावा, कारण खोऱ्यात अनेक ठिकाणी नेटवर्क नसते. मात्र आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी ते कधीही वापरू नये. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असे समजून तो पक्षी अन्न शोधायचे सोडून धावत येतो, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याचा एकेक तास मोलाचा असतो.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्यावी. पहाटे पाचला बाहेर पडताना कुठेही न्याहारी मिळत नाही आणि या दोन गोष्टी आठवडाभर टिकतात. संध्याकाळी मात्र तिथला सिड्डू अवश्य मागावा. कणकेचा, आत सारण भरून वाफवलेला तो पदार्थ वर तूप घालून खातात.

५. मुक्काम दोनच ठिकाणी

मनालीच्या माल रोडवर राहू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. तिथून निघून जंगलात पोहोचेपर्यंत पहाटेची वेळ निघून जाते. त्याऐवजी चार-पाच दिवस नग्गरला आणि चार दिवस तीर्थन खोऱ्यात गुशैनीच्या आसपास काढावेत.

नग्गर हे एके काळी कुलूच्या राजांची राजधानी होते. बियास नदीच्या डाव्या तीरावर, मुख्य महामार्गापासून बाजूला असलेले हे गाव बागा आणि देवदारांच्या मध्ये वसलेले आहे. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक 1928 पासून 1947 साली मृत्यू होईपर्यंत इथेच राहिले, आणि त्यांच्या वास्तूच्या परिसरातील जुनी झाडे पक्ष्यांसाठी उत्तम आहेत. गावाच्या वर रुमसू नावाचे गाव आहे. नग्गर ते रुमसू ही चढाची वाट रोज सकाळी चालावी. एकच वाट रोज कशासाठी, असा प्रश्न माझ्या यजमानांनी दुसऱ्या दिवशी विचारला होता. चौथ्या दिवशी कोणत्या अक्रोडावर कोण बसते, हे तेच मला सांगत होते.

मनाली पूर्ण वगळावे असेही नाही. 1553 साली बांधलेल्या हिडिंबा मंदिराभोवतीचे देवदारांचे जंगल सकाळी सातच्या आत गाठले, तर ते शांत असते. नंतर तिथे ससे आणि याक घेऊन छायाचित्रासाठी मागे लागणारे लोक येतात. तो ससा दिवसभर शंभर हातांतून फिरत असतो. त्यासाठी पैसे देऊ नयेत.

६. नदीकाठचे दोन दिवस

जंगलात आवाज पुष्कळ येतात आणि दिसत काही नाही, त्यामुळे नवखा माणूस निराश होतो. म्हणून सुरुवात ओढ्यापासून किंवा तीर्थनच्या काठापासून करावी, कारण तिथले पक्षी उघड्या दगडांवर बसतात आणि सवयी मोडत नाहीत. पाटीच्या रंगाचा, तांबूस शेपटीचा एक लहानसा पक्षी शेपटी सारखी उघडझाप करत दगडावरून उडून माशी पकडतो आणि पुन्हा त्याच दगडावर येतो, तो प्लंबियस वॉटर रेडस्टार्ट, म्हणजे एक थिरथिरा. त्याच्याच शेजारी काळ्या अंगाचा, गडद तांबड्या पोटाचा आणि डोक्यावर पांढरी टोपी घातल्यासारखा दिसणारा दुसरा थिरथिरा असेल, तर तो उन्हाळा उंचावरच्या ओढ्यांवर काढून खाली आलेला आहे. ब्राउन डिपर हा पूर्ण तपकिरी, ठेंगणा पक्षी सरळ खळाळत्या पाण्यात शिरतो, तळाशी चालत किडे शोधतो आणि भलतीकडेच वर येतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बुडाला असे वाटून उभी राहिले होते. पहाटे छपरांवर आणि ओढ्याच्या कडेला माणसासारखी शीळ ऐकू आली, तर पिवळ्या चोचीचा गडद निळा शीळकरी कस्तूर शोधावा. सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तूराचा हा भाऊबंद.

गुशैनीहून तीर्थनच्या काठाने राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपर्यंत जाणारी पायवाट एका दिवसात जाऊन-येऊन करता येते आणि हद्दीच्या अलीकडे परवाना लागत नाही. हे उद्यान 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पश्चिमी ट्रॅगोपॅन, ज्याला तिथे जुजुराना म्हणजे पक्ष्यांचा राजा म्हणतात आणि जो हिमाचलचा राज्यपक्षी आहे, तो याच जंगलांत राहतो. तो तुम्हाला दाखवतो असे कोणी पहिल्याच भेटीत पैसे घेऊन सांगू लागला, तर विश्वास ठेवू नये. तो अत्यंत लाजाळू आहे आणि दाट झुडपांत वावरतो. स्थानिक वाटाड्या मात्र जरूर घ्यावा. वाट, हवामान आणि ताज्या खुणा यांसाठी त्याचे मोल फार आहे.

७. देवदारांत थांबणे

शरदात वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी एकत्र टोळी करून अन्न शोधत फिरतात. याचा परिणाम असा, की अर्धा तास जंगल अगदी निःशब्द असते आणि मग दहा मिनिटांत वल्गुली, नटहॅच, सुतारपक्षी, पानांइतके इवले वटवट्ये असे वीस-पंचवीस पक्षी डोक्यावरून पुढे सरकतात. नवखे लोक त्या पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळून निघतात. माझा सल्ला असा, की एखाद्या मोकळ्या जागेच्या कडेला, पाठीशी झाड घेऊन किमान पाऊण तास बसावे. टोळी आली, की सगळे पक्षी पाहण्याचा प्रयत्न करू नये. एक निवडावा आणि तोच शेवटपर्यंत पाहावा.

याच दिवसांत देवदाराचे नर शंकू पराग सोडतात. बाकीची झाडे पाने गाळत असताना हा वृक्ष फुलोऱ्यावर येतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की पिवळी धूळ धुरासारखी उडते, वाटेवर आणि खांद्यावर बसते. ज्यांना परागांचा त्रास होतो, त्यांनी नाकाला रुमाल बांधावा.

दहानंतर ऊन तापून हवा वर चढू लागली, की पक्षी पाहण्याची जागा बदलते. तेव्हा उघड्या उतारावर बसून आकाशाकडे पाहावे. हिमालयी गिधाडे याच वेळी घिरट्या घालू लागतात.

८. एक दिवस उंचावर

बंजारहून जलोरी खिंडीत जावे. ती सुमारे 3,100 मीटर उंचीवर आहे आणि तिथून ओकच्या जंगलातून साधारण पाच किलोमीटर चालले, की सेरोलसर तलाव आणि बुढी नागिणीचे मंदिर लागते. तलावात पडलेले प्रत्येक पान आभी नावाचा एक पक्षी उचलून बाहेर टाकतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि पानगळीच्या दिवसांतही पाणी इतके नितळ दिसते, की ती कथा ऐकल्यावर आपण नकळत कडेच्या झाडांत पाहू लागतो. या वाटेवर भल्या सकाळी मोनाल हा तित्तिरवर्गातील रंगीबेरंगी पक्षी दिसण्याची शक्यता असते. मोनालाची पिसे किंवा तुरा कोणी विकायला आणला, तर घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.

उंचीवर पोहोचल्यावर लगेच भरभर चालू नये. डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर थोडे बसून पाहू असे न म्हणता खाली उतरावे. नोव्हेंबरमध्ये बर्फ पडून खिंड बंद होऊ शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी बंजारमध्ये चौकशी करावी.

९. जिथे जपावे लागते

अस्वले. हिमालयी काळे अस्वल हिवाळ्यापूर्वी भरपूर खाऊन घेते आणि त्यासाठी मक्याच्या शेतांत व बागांत उतरते. सूर्य मावळल्यावर आणि झुंजुमुंजू होण्याआधी बागांमधल्या आडवाटांनी एकट्याने जाऊ नये. खोऱ्यात सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि मग अंधार पडायला वेळ लागत नाही. परतीची वेळ आपल्या सोलापूरच्या हिशेबाने धरू नये.

नदी. बियास आणि तिच्या उपनद्यांवर जलविद्युत प्रकल्प आहेत आणि धरणातून पाणी सोडले, की कोरडे दिसणारे पात्र काही मिनिटांत भरते. 8 जून 2014 रोजी लारजी धरणाच्या खाली पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी असेच वाहून गेले. छायाचित्रासाठी मधल्या दगडांवर जाण्याचा मोह कितीही झाला, तरी काठावरच थांबावे. जुलै 2023 च्या पुरात या खोऱ्यातील रस्त्यांचेही मोठे नुकसान झाले होते, तेव्हा निघण्याआधी रस्त्यांची स्थिती मुक्कामाच्या यजमानांकडून कळवून घ्यावी.

कळप. गद्दी मेंढपाळ याच दिवसांत शेळ्या-मेंढ्या घेऊन उतरतात. आपल्याकडच्या धनगरांचे वाडे पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटते आणि तो सरळ कळपाजवळ जातो. त्यांचे राखणदार कुत्रे बिबट्याला तोंड देणारे असतात. दुरून हाक द्यावी, मेंढपाळाने बोलावल्यावरच पुढे जावे आणि कळप जाईपर्यंत वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभे राहावे.

१०. परत आल्यावर

तिथे रोज वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहिलेले पक्षी लिहून ठेवलेले असावेत, कारण ती वही सोलापुरात पुन्हा लागते. हिमालयात उन्हाळा काढणारे करडे धोबी आणि काळे थिरथिरे हे पक्षी हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर येतात. परतल्यानंतरच्या आठवड्यात घराजवळचा एखादा पडका वाडा, दगडी कुंपण किंवा बांध पाहावा. तिथे शेपटी थरथरवत बसलेला थिरथिरा बहुधा भेटतो. मग डिसेंबर-जानेवारीत एका पहाटे हिप्परग्याला किंवा उजनीच्या फुगवट्यावर जावे. डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हा हंसवर्गातील पक्षी तिबेटच्या पठारावरून आणि लडाखमधून हिमालय ओलांडून तिथे उतरतो. धुके विरळ होईपर्यंत काठाजवळ जाऊ नये आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, सूर्य पाठीशी घेऊन बसावे, म्हणजे डोक्यावरचे ते पट्टे स्पष्ट मोजता येतात.